बिनआंबटाचं ताट

त्या बाईने न विचारता माझ्या तळहातावर संत्र्याची फोड ठेवली आणि मी मूठ मिटायची की उघडी ठेवायची यातच अडकले. नागपुरात बर्डीहून गोळीबार चौकाकडे निघालेला ऑटो, मागे आम्ही तिघी, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अंग चोरून बसलेला एक चष्मेवाला, आणि या बाईच्या मांडीवर संत्र्यांची पिशवी. ती सोलत होती, खात होती, साली पिशवीतच टाकत होती, मनगटापर्यंत ओघळलेला रस पदराला पुसत होती, आणि हे सगळं घरच्या अंगणात बसल्यासारखं. मी तिच्याकडे अजून नीट पाहिलंही नव्हतं. कुणाच्या तोंडाकडे चटकन पाहायची मला सवय नाही. आपण पाहिलं की तेही पाहतात. फोड हातावर पडली तेव्हा मी नेहमीचं वाक्य म्हणाले, "मले चालत नाही." ती म्हणाली, "काहून वं? शुगर हाये?" उत्तर देण्याऐवजी मी दुसरा हात पुढे केला, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत पांढरा पडलेला. एवढं दाखवलं की माणसं गप्प होतात. ही झाली नाही. तिने आपला चिकट हात माझ्या हाताशेजारी आणून ठेवला, तर तोही पांढरा. तेव्हा मी मान वर केली. अर्धं कपाळ पांढरं, एक भुवई पांढरी, वरचा ओठ पांढरा, आणि त्या सगळ्याच्या मधोमध रुपयाएवढं कुंकू. "मंग? मलेबी हाये," ती म्हणाली आणि पुढची फोड तोंडात टाकली. चष्मेवाल्याने मागे वळून पाहिलं आणि लगेच तोंड फिरवलं. मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी त्या पांढऱ्या ओठांवरून आत जाणाऱ्या संत्र्याकडे पाहत राहिले होते.

त्या वेळी मी खरं तर साडीच्या दुकानात, कामावर असायला हवी होते. दुपारी भावजयीचा, श्वेताचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती, म्हणजे आई जवळच असणार. ताई, मयुराच्या गुडघ्यावर पांढरं दिसून राहिलं, आईंनी पाहिलं, तुम्ही येता का. मयुरा तिची लेक, माझी भाची, सहावीतली, दिवसभर सायकलवर असणारी. मी मालकांना डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि निघाले. फोन ठेवायच्या आधी श्वेताने आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि तीच माझ्या डोक्यात घण घालत होती: आईने लिंबाच्या लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली होती, दही शेजारी देऊन टाकलं होतं, आणि श्वेताला समोर बसवून विचारलं होतं की मयुराच्या वेळेला पोटुशी असताना तू काय काय खाल्लं होतंस ते आठव. म्हणजे सुरुवात झाली होती. मला ती सुरुवात ओळखीची होती. तशीच बरणी, तोच माळा, फक्त गुडघा दुसऱ्याचा.

मला पहिला डाग आला तो मनगटावर, कॉलेजच्या पहिल्या वर्षी. हरभऱ्याच्या डाळीएवढा. मी तो बांगडीखाली लपवला; पण बांगडी काही एका जागी बसत नाही. मग उमरेडच्या वैद्यबुवांकडे वाऱ्या झाल्या. त्यांनी बावचीचं तेल दिलं, ते लावून उन्हात बसायचं, फोड आले तर औषध लागू पडलं म्हणून आनंद मानायचा. आणि पथ्य दिलं. आंबट नाही, खारट नाही, तिखट नाही, दही-ताक नाही, वांगं नाही, अंडी-मासे नाहीत, मटण तर नावही काढायचं नाही. संत्रं, मोसंबी, लिंबू, चिंच, बोरं, कैरी, ज्याने म्हणून तोंडाला पाणी सुटतं ते सगळं बंद. आता आमचं घर टिमकीत, कोष्ट्यांच्या गल्लीत, माग बंद पडल्यावर भावाने सावजी भोजनालय काढलेलं, त्याचा मसाला घरी भाजला जातो. सकाळी आईच्या कढईत खसखस, धने, दगडफूल आणि भिवापुरी मिरची परतायला लागली की गल्लीच्या तोंडावरच्या माणसाला शिंक येते. त्या धुरात बसून मी बिनफोडणीचं वरण आणि भात खाल्ला. बाविसाव्या वर्षी खाल्ला, तिसाव्या वर्षी खाल्ला, आता केस पिकायला लागले तरी तेच. माझा भाऊ भूपेश चेष्टेने त्याला बिनआंबटाचं ताट म्हणायचा आणि ते नावच पडलं. लग्नाकार्यात वाढपी ओरडायचे, गोपिकाताईचं बिनआंबटाचं ताट कुठी हाये, आणि सगळ्या पंगतीला कळायचं की मी आले आहे. नागपुरात राहून हिवाळाभर दारावरून संत्र्यांचे ठेले जाऊ द्यायचे याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. मी त्याला संयम म्हणत असे. त्यात एक अभिमानही होता. बाकी काहीच हातात नसलं की माणूस जिभेवर राज्य करतं.

पथ्य एकदाच मोडलं होतं. बाबांनी मोडवलं. आमचे बाबा, महादेवराव, हाडाचे विणकर. ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, गल्लीत पसरून त्याला तांदळाच्या पेजेची खळ पाजायची ती पहाटे, ऊन चढायच्या आत. कुंचला घेऊन ते ताण्याच्या एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने. सुताले खाऊ घातल्याशिवाय ते मागावर टिकत नाही, असं ते म्हणायचे, आणि उपाशी सूत कसं असतं ते बोटात धरून दाखवायचे: रखरखीत, केस उभे राहिलेलं, जरा ओढलं की तुटणारं. मला तेव्हा नवीनच पथ्य लागलं होतं. रामटेकहून ते बोरं घेऊन आले, सदऱ्याच्या खिशात, आणि आई आत असताना एक माझ्या हातावर ठेवलं. खाय, म्हणाले, एकाने काय होते. पिकलेलं, तपकिरी, आंबटगोड, बीवरून गर सुटेना म्हणून मी ती बी कितीतरी वेळ गालात धरून ठेवली होती. पुढे उजव्या पापणीवर डाग आला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आमच्या दोघांत ते बोर कायमचं येऊन बसलं. त्यानंतर त्यांनी माझ्या हातावर कधी काही ठेवलं नाही, प्रसादसुद्धा दुसऱ्याच्या हातून देत. ते गेले ते त्या बोरासकट गेले. मला त्यांचं फार वाईट वाटतं.

आणि आईच्या वाट्याला तर याहून मोठं आलं होतं. बाबांची बहीण सुमतीआत्या, रामटेकला दिलेली. माझा दुसरा डाग निघाला तेव्हा तिने शोध लावला की जनाबाईने, म्हणजे आईने, माझ्या वेळेला पोटुशी असताना आपल्याकडे मासे खाल्ले होते आणि वरून खीर खाल्ली होती. मासे आणि दूध. झालं. वाढणारीही आत्याच आणि दोष काढणारीही आत्याच, पण चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. आई बोलणारी बाई, भाजीवालीशी तास घालवणारी, त्या दिवशी उठून चुलीपाशी गेली. त्याआधीची आई मला आठवते ती पातेल्याची साय खरवडून खाणारी. बाबा हसून सांगायचे की लग्नानंतर पहिलं भांडण सायीवरून झालं. नंतर तिला दूध पचेनासं झालं. ती कोरा चहा पिते. गुळाचा, काळा, कडक. पाहुण्यांना सांगते, वय झालं बाप्पा, दूध पोटाले झेपत नाही.

ऑटो अग्रसेन चौकाच्या सिग्नलला थांबला होता आणि फोड माझ्या तळहातावर गरम व्हायला लागली होती. बाई बोलत होती. ती भिवापूरची, मिरचीची पोती घेऊन नवरा पुढे कळमन्याच्या बाजारात गेलेला, ही बर्डीला बहिणीकडे जाऊन आता त्याला गाठायला निघालेली. मी विचारलं, तुम्ही मिरची खाता? ती एवढी हसली की पलीकडची बाईही हसायला लागली. "भिवापुरात राहून मिरची खात नाही म्हणलं त घरात घेतीन काय मले?" मी विचारलं, वाढलं नाही? ती म्हणाली, वाढलं ना, थांबलंबी, मंग पुन्हा वाढलं, ते काय मले विचारून करते? तिच्या गालाची कातडी तुकतुकीत होती. पांढरी तिथेही आणि सावळी तिथेही. माझी तशी नाही, हे मला आत्ताच दिसलं. माझ्या कोपरांवर भुसा निघतो, ओठांचे कोपरे हिवाळा-उन्हाळा चिरलेले, नखं कागदासारखी वाकतात. मी ते सगळं डागांच्याच खात्यात टाकलं होतं.

पण मला माहीत होतं, हेही खरं. गेल्या पावसाळ्यात ओठ एवढे फुटले की घास जाईना, तेव्हा मी एकटीच सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरकडे गेले होते. तरुण मुलगी होती, मराठी बोलताना मध्येच हिंदीवर जाणारी. तिने डाग पाहिले, मग ओठ, नखं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं, आणि कागद आल्यावर विचारलं की तुम्ही जेवता काय. मी अभिमानाने सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. ताई, म्हणाली, हे डाग खाण्याने येत नाहीत आणि न खाण्याने जात नाहीत, शरीर आपल्याच रंगावर उलटतं म्हणून येतात. मासे-दूध, लिंबू-संत्रं यांचा काही गुन्हा नाही. पण हे बाकीचं, हे चिरलेले ओठ, ही कोरडी कातडी, हे गळणारे केस, हे सगळं उपाशी राहून झालेलं आहे. गोळ्या देते, पण आधी जेवा. मी गोळ्या घेतल्या, मान हलवली, घरी आले आणि बिनफोडणीचं वरण वाढून घेतलं. तिच्यावर माझा अविश्वास नव्हता. विश्वासच बसला होता, आणि तीच अडचण होती. ती म्हणते ते खरं मानायचं तर माझी सगळी वर्षं, सगळ्या पंगती, सगळे हिवाळे फुकट गेले म्हणायचे. एवढा मोठा तोटा एका दुपारी कसा मान्य करायचा? त्यापेक्षा वरण-भात सोपा होता.

गंमत म्हणजे दुकानात मी अशी नाही. साडीच्या दुकानात सुरुवातीला मालकांनी मला आत घड्या घालायला बसवलं होतं, गिऱ्हाईक बिचकतं म्हणून. एका दिवाळीला गर्दीत मीच गादीवर आले आणि एका सासूला कुठलीच रंगसंगती पटेना, सून गोरी आणि सासू सावळी, दोघींना एकसारखी साडी पाहिजे. मी पदर माझ्या हातावर टाकला, आधी मनगटावर, मग कोपरावर. पाहा, म्हटलं, इथे सुनबाई आणि इथे तुम्ही. सासूने पाहिलं, हसली, दोन्ही साड्या घेतल्या. तेव्हापासून गादी माझी. रंगाची शंका असली की बायका म्हणतात, गोपिकाताईच्या हातावर टाका. तिथे मी कुणाला भीत नाही. घरी आले, ताट समोर आलं, की पुन्हा ती कॉलेजातली पोरगी, बांगडी खाली ओढणारी. एकाच बाईला दोन कातड्या असतात त्या अशा, आणि त्यांचा रंगाशी संबंध नाही.

गोळीबार चौकात मी उतरले तेव्हा बाईने पिशवीतलं एक अख्खं संत्रं माझ्या पर्समध्ये कोंबलं. फोड नाही खाल्ली ना, म्हणाली, घरी जाऊन खाय. तिचं नाव विचारायचं राहिलं. फोड रुमालात, संत्रं पर्समध्ये, आणि मी आमच्या गल्लीत शिरले, त्या ओळखीच्या खमंग धुरात.

मयुरा शाळेतून आली होती आणि जेवायला बसली होती. तिच्यासमोर स्टीलचं ताट, त्यात भात, भातावर बिनफोडणीचं वरण. शेजारी भोजनालयातून आलेला रश्शाचा डबा, तिचा रोजचा, झाकण लावलेला आणि तिच्या हाताला येणार नाही एवढा लांब सरकवलेला. श्वेता ओट्याशी पाठ करून उभी, रडून झालेली. आई भिंतीशी पाटावर. कुणी भांडत नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. मी मयुराचा गुडघा पाहिला. डाग होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा. तिने तो मला फ्रॉक सरकवून दाखवला, जखम दाखवावी तसा थोड्या तोऱ्यात, आणि मग ताटाकडे पाहून विचारलं, "आत्या, आता मलेबी तुह्यासारखंच जेवा लागते काय?"

मला त्या प्रश्नाचा राग आला नाही, रडू आलं नाही. मला भयंकर भूक लागली. ही भूक कुठून आली, कळत नाही, पायांपासून आली. मी तिच्या शेजारी मांडी घातली, पर्समधून संत्रं काढलं आणि सोलायला लागले. नखं वाकत होती, साल तुकड्यातुकड्यांनी निघत होती. वास सुटला. आईने मान वर केली आणि माझं नाव घेतलं. मी फोड तोंडात घातली. पापणीवरचा डाग आठवत होता, खिशातलं बोर आठवत होतं. फोड फुटली. ओठांच्या चिरांत रस शिरला आणि असा झोंबला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या झोंबण्याच्या मागून ते आलं, आंबट, गोड, थंड, सगळ्या तोंडात, जिभेच्या खाली, गालात, कानापर्यंत. मी विसरलेच नव्हते. जीभ काही विसरली नव्हती. मी दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली, आणि चौथी मयुराच्या तोंडापाशी नेली.

आईने माझा हात धरला. "पोरीचं वाढलं तं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"आई, मी त सगळं पाळलं ना? कधी चोरून खाल्लं? बाबांनी दिलेलं एक बोर सोडलं त काहीच नाही. तरी वाढलंच ना?"

"नसतं पाळलं त आनखी वाढलं असतं."

"कुठी वाढलं असतं?" मी दोन्ही हात तिच्यासमोर धरले. "जागा कुठी राहिली?"

मयुरा फिसकन हसली. श्वेता वळली, तिनेही ओठ दाबले, आणि मग मीच हसले, मोठ्याने, तोंडात संत्रं घेऊन. आई हसली नाही, पण तिच्या हाताची पकड सैल झाली आणि चौथी फोड मयुराच्या तोंडात गेली. मग मी डॉक्टरणीने सांगितलेलं सगळं सांगितलं, ओठांचं, रक्ताचं, उपाशी कातडीचं. उद्या मयुराला तिच्याकडे नेऊ, मलम असेल ते लावू, उन्हाचं यंत्र असतं म्हणतात तेही करू. लवकर दाखवलं तर रंग परतही येतो कधीकधी. पण ताट वेगळं होणार नाही. हे मी अगदी हळू बोलले. दुकानात शेवटची किंमत सांगतात तसं, पुढे घासाघीस नाही. आणि डबा ओढून झाकण काढलं. लालभडक तर्री, वर तेल, खाली मटण. मयुराच्या भातावर ओतलं, कालवलं, खाल्लं. नाक वाहू लागलं, कान पेटले, ओठांची आग झाली, आणि मी खात राहिले. उपाशी सुताला खळ पाजावी तसं माझ्या अंगात ते कुठे कुठे पोचत होतं. मयुरा त्याच ताटातून खात होती. मी जिंकले होते. कोणाविरुद्ध ते माहीत नाही, पण जिंकले होते, आणि ते मला खूप उशिरा मिळालं असलं तरी पोरीला वेळेवर मिळत होतं.

आई त्या ताटाकडे पाहत होती. ती म्हणाली, "मंग रामटेकले मी खाल्लं ते?"

"त्याने काही झालं नाही, आई. तू मासे खाल्ले, खीर खाल्ली. दोन्ही चांगले लागले असतीन, बस. तुह्यानं काही झालं नाही."

आईने श्वेताकडे पाहिलं, सकाळपासून जिला समोर बसवून ती विचारत होती तिच्याकडे, आणि पदराने डोळे न पुसता ताटाभोवती सांडलेली शितं उचलायला लागली. एकेक शीत. सगळी उचलून झाल्यावरही तिची बोटं फरशीवरून फिरत राहिली.

चार वाजता श्वेताने चहा टाकला. रोजच्यासारखं एका भांड्यात आमचा, दुसऱ्यात आईचा कोरा. कप भरायला लागली तेव्हा आई भिंतीशेजारून म्हणाली, "माह्यातबी दूध टाक वं." श्वेता थांबली. आई, म्हणाली, तुम्हाले पचत नाही ना? आणि आईने तिच्याकडे न पाहता सांगितलं, "पचते."

मी कप हातात घेऊन तशीच बसले. पचतं. म्हणजे कधी पचत नव्हतं असं नव्हतंच. माझा दुसरा डाग, आत्याचं बोलणं, चुलीपाशी उठून गेलेली आई, आणि त्यानंतर आलेला तो काळा चहा. इतकी वर्षं मी समजत होते की या घरात बिनआंबटाचं ताट एकटीचं आहे. दोन होती. तिने आपलं कुणाला दिसू दिलं नव्हतं, पंगतीत कुणी तिच्या नावाने ओरडलं नव्हतं, त्याचा अभिमान करायलाही तिला जागा नव्हती. मला उठून तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आमच्याकडे तसं करत नाहीत, म्हणून मी पातेल्यातली साय चमच्याने काढली आणि तिच्या कपात सोडली.

तिने फुंकरही न घालता घोट घेतला. मग दुसरा. डोळे मिटून, बशी बाजूला सारून, दोन्ही हातांत कप धरून. मयुरा तिच्याकडे टक लावून पाहत होती.

"आजी, ओठावर पांढरं लागलं."

"राहू दे," आई म्हणाली.